माध्यमिक वर्गांसाठी इंग्रजी साहित्य आणि लेखनाच्या पाठांचे नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक, आणि काही वेळा पालकही, खालील प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे लिहिताना सत्तरी, डिचोली, पेडणे किंवा काणकोण तालुक्यातील एखादा साधा वर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्यात चाळीसच्या आसपास मुले आहेत, चाळीस मिनिटांचा तास आहे, एक फळा आणि एक पाठ्यपुस्तक आहे.

साहित्याचे आणि लेखनाचे तास वेगवेगळे लावावेत का?

लावू नयेत. अनेक शाळांत आठवड्याचे बहुतेक तास धडा आणि कवितेला जातात आणि उरलेल्या एका तासात ‘निबंध व पत्र’ उरकले जाते. या वाटणीमुळे धडा वाचताना मुलांच्या हातात लेखणी नसते आणि निबंध लिहिताना समोर कोणताही चांगला मजकूर नसतो. परिच्छेदाची सुरुवात कशी होते, एखादी गोष्ट सांगताना लेखक कुठे थांबतो आणि कुठे भरभर पुढे जातो, हे मूल वाचनातूनच शिकते. मात्र वाचल्यावर लगेच स्वतः लिहून पाहिले तरच ते त्याच्या अंगी मुरते. म्हणून प्रत्येक घटकाच्या शेवटी मूल काय लिहिणार आहे हे आधी ठरवावे आणि त्या लेखनाला उपयोगी पडेल अशा रीतीने धडा वाचावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच एका भूमिकेतून दिली आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची सुरुवात कुठून करावी?

गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंतचे शिक्षण मुख्यतः मराठी किंवा कोकणीतून होते आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. पहिलीपासून इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकलेले मूल पाचवीत अचानक इतिहास आणि विज्ञानही त्याच भाषेत वाचू लागते. आठवीत पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ शब्दांचा बऱ्यापैकी साठा जमलेला असतो, पण दहा वाक्ये एकमेकांत गुंफून लिहिण्याचा सराव फारसा झालेला नसतो. अशा मुलाला ‘कच्चे’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तेच मूल मराठीत गोष्ट रंगवून सांगू शकते आणि घरी कोकणीत तासभर वाद घालू शकते. कल्पना, क्रम आणि तर्क त्याच्याजवळ असतात. त्यांना इंग्रजी वाक्यांत उतरवण्याची वाट तेवढी मिळालेली नसते.

वर्षाच्या सुरुवातीला म्हणूनच एक साधी पाहणी करावी. मुलांना एकाच विषयावर, उदाहरणार्थ शाळेत येण्याच्या वाटेवर, प्रथम मराठीत किंवा कोकणीत आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगाव्यात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणत्या मुलाला सांगण्यासारखे सुचत नाही आणि कोणाला सुचते पण भाषा अपुरी पडते, हे स्पष्ट होते. या दोन अडचणींवरचे उपाय निरनिराळे आहेत. पहिल्या मुलाला निरीक्षणाची सवय लावावी लागते आणि दुसऱ्याला वाक्यांचे नमुने पुरवावे लागतात. वर्गात कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुले असतील, तर त्यांनाही त्यांच्या भाषेत लिहू द्यावे; शिक्षकाला ती लिपी वाचता आली नाही तरी मुलाने किती सलगपणे लिहिले ते दिसते, आणि वाचून दाखवायला सांगितले की उरलेलेही कळते.

पाठ टाचणात नेमके काय असावे?

पाठ टाचण दप्तर पूर्ण करण्यापुरते लिहिले जाते तेव्हा त्यात ‘विद्यार्थ्यांना कवितेचा आस्वाद घेता येईल’ अशी उद्दिष्टे दिसतात. ती कधी साध्य झाली हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी उद्दिष्ट तपासता येईल असे लिहावे: ‘विद्यार्थी एका दृश्याचे सहा ते आठ वाक्यांत वर्णन करील आणि त्यात किमान दोन वाक्ये ऐकू आलेल्या गोष्टींविषयी असतील.’ हे एक वाक्य नक्की झाले की तासात कशाला वेळ द्यायचा आणि काय सोडून द्यायचे याचा निर्णय सोपा होतो.

रोजच्या टाचणापेक्षा घटक नियोजनाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण साहित्याचा पाठ एका तासात बसत नाही. एका कवितेला किंवा धड्याला साधारण पाच तास धरले तर वाचन, चर्चा, कच्चे लेखन आणि पुनर्लेखन या सर्वांना जागा मिळते. शेवटचा, म्हणजे पुनर्लेखनाचा, तास वेळ कमी पडला की सर्वांत आधी कापला जातो. प्रत्यक्षात मुलाच्या लेखनात सुधारणा होते ती त्याच तासात.

एका कवितेचे पाच तास कसे आखावेत? एखादे उदाहरण द्यावे.

वर्ड्स्वर्थ यांची डॅफोडिलच्या फुलांवरची कविता घेऊ. ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे आणि गोव्यातल्या मुलांनी ते फूल पाहिलेले नसते, म्हणून ती परकी वाटते. मात्र तिच्यामागची हकिकत लेखन शिकवायला अत्यंत उपयोगी आहे. 15 एप्रिल 1802 रोजी वर्ड्स्वर्थ आणि त्यांची बहीण डोरोथी इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालले होते, तेव्हा त्यांना ही फुले दिसली. डोरोथीने आपल्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद केली: वारा जोराचा होता, काही फुले दगडांवर मान टाकून विसावल्यासारखी दिसत होती, बाकीची वाऱ्याबरोबर डोलत होती. कविता त्यानंतर लिहिली गेली, 1807 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1815 च्या आवृत्तीत कवीने तीत एक कडवे वाढवले. कवितेत कवी एकटाच भटकतो आहे. प्रत्यक्षात बहीण सोबत होती.

पहिल्या तासाला कविता उघडूच नये. डोरोथीच्या नोंदीचा सोपा केलेला मजकूर फळ्यावर लिहावा आणि तिने काय पाहिले याची यादी मुलांकडून काढून घ्यावी. घरी जाताना प्रत्येकाने आपल्या परिसरातले एक ठिकाण पाच मिनिटे शांतपणे पाहून इंग्रजीत पाच तुटक नोंदी आणाव्यात. पावसाळा असेल तर सड्यावर फुललेला तेरडा किंवा पोटरीला आलेले भाताचे शेत, आणि उन्हाळा असेल तर सुरंगीच्या झाडाखालची सकाळ, यांपैकी काहीही चालेल.

दुसऱ्या तासाला शिक्षकाने कविता मोठ्याने दोनदा वाचावी आणि मुलांनी ती गटागटाने म्हणावी. तिसरा तास तुलनेचा. नोंदीतले काय कवितेत आले, काय गळले, बहीण कुठे गेली, आणि शेवटच्या कडव्यात कवी घरात पडून राहिला असताना ती फुले पुन्हा कशी येतात, यावर मुलांना बोलू द्यावे. बहिणीला वगळणे खोटेपणा आहे का, या प्रश्नावर नववीची मुले फार तळमळीने बोलतात आणि लेखक निवड करतो ही गोष्ट त्यांना व्याख्येशिवाय उमगते. चौथ्या तासाला आपल्या पाच नोंदींवरून परिच्छेद लिहावा, पाचव्या तासाला तो शेजाऱ्याला वाचून दाखवून पुन्हा लिहावा. फुलाचे चित्र दाखवायला विसरू नये. एवढ्याने परकेपणा पुष्कळ कमी होतो.

कवितेचा ओळीओळीने मराठी अर्थ सांगावा का?

अडलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत किंवा कोकणीत सांगण्यास काहीच हरकत नाही, उलट त्याने वेळ वाचतो. प्रत्येक ओळीचे भाषांतर मात्र करू नये, कारण मुले मग इंग्रजी ओळ वाचणेच थांबवतात आणि शिक्षकाच्या मराठी वाक्याची वाट पाहत बसतात. यमक आणि लय शिकवताना आधी मुलांच्या कानांत असलेल्या ओव्या, आरत्या किंवा बा. भ. बोरकरांची एखादी मराठी कविता म्हणून घ्यावी. लय म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच असते, त्यामुळे इंग्रजी कवितेतला ठेका पकडणे जड जात नाही.

शेक्सपिअर आमच्या मुलांना झेपेल का?

संपूर्ण नाटक झेपणार नाही, एक प्रवेश निश्चित झेपतो. गोव्यातील गावांत जत्रेला नाटक होते, दशावतारी काला होतो, आणि वर्गात असे एखादे तरी मूल असतेच ज्याने रंगमंचावर पाऊल ठेवले आहे किंवा ज्याच्या घरातल्या कोणी तरी तोंडाला रंग लावला आहे. हे भांडवल इंग्रजीच्या तासाला वापरले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

‘ज्युलिअस सीझर’ नाटकातील तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश मी सुचवीन. सीझरचा खून झाल्यावर आधी ब्रूटस आणि मग अँटनी रोमच्या लोकांपुढे बोलतात. ब्रूटस गद्यात बोलतो, तर्क मांडतो आणि निघून जातो. अँटनी पद्यात बोलतो. तो ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दाची धार उलटत जाते. तो मृत्युपत्र दाखवतो पण लगेच वाचत नाही, सीझरचा भोसकलेला झगा दाखवतो, मग प्रेत उघडे करतो, आणि लोक पेटल्यावरच मृत्युपत्रातला मजकूर सांगतो. आपले म्हणणे पटवून देणारे लेखन शिकवायला याहून उत्तम नमुना मिळणे कठीण आहे, कारण कोणता मुद्दा आधी आणि कोणता राखून ठेवायचा हे त्यात ढळढळीत दिसते.

भाषा जुनी असल्यामुळे मजकूर छाटून वीस-पंचवीस ओळींवर आणावा, दोन मुलांना भाषणे द्यावीत आणि उरलेल्या वर्गाने जमाव व्हावे. जमावाने प्रत्येक टप्प्यावर आपले मत बदलले की नाही हे वहीत एका वाक्यात नोंदवावे. त्यानंतरचे लेखन असे असू शकते: शाळेच्या मैदानावर वाहने उभी करू द्यावीत की नाही, यावर दोन छोटी भाषणे लिहावीत, एक ब्रूटसच्या पद्धतीने आणि एक अँटनीच्या.

वर्णनात्मक लेखनासाठी कोणते विषय द्यावेत?

मुलांनी जवळून पाहिलेले विषय द्यावेत. ‘रेल्वे स्थानकावरील एक तास’ हा विषय केरी-सत्तरीच्या मुलाला गाईडमधूनच उतरवावा लागतो; चतुर्थीची माटोळी त्याने स्वतः बांधायला मदत केलेली असते. गणपतीच्या डोक्यावर टांगल्या जाणाऱ्या या चौकटीवर लिहायला सांगितले की इंग्रजी लेखनाची एक खरी अडचण समोर येते. माटोळीला बांधल्या जाणाऱ्या कवंडळ, माट्टी, कांगले, घागऱ्या या रानातल्या फळांना मुलांना ठाऊक असलेले इंग्रजी शब्द नसतात. तेव्हा मुलाने मूळ नाव तसेच लिहावे आणि पुढे आपल्या शब्दांत त्या फळाचा रंग, आकार, साल आणि ते रानात कुठे सापडते ते सांगावे. माटोळी कधीच न पाहिलेल्या परगावच्या वाचकाला ती दिसली पाहिजे, अशी अट घातली की वर्णनाला हेतू मिळतो.

कच्च्या लेखनावर शिक्षकाने शेरा देण्याऐवजी प्रश्न विचारावेत. समजा, एका मुलाने दिवाळीच्या पहाटेच्या नरकासुराच्या पुतळ्याविषयी लिहिले की तो फार मोठा आणि भयंकर होता. समासात एवढेच लिहावे: कोणाहून मोठा? हात कशाचे केले होते? तो उचलला तेव्हा काय झाले? पुढच्या कागदावर तोच मुलगा लिहू शकतो की नरकासुराचे डोके वायरला लागू नये म्हणून दोघांनी बांबूने वायर वर धरली, पोटातले गवत बाहेर डोकावत होते आणि एक हात वाटेतच गळून पडला. व्याकरणाच्या चुका या मजकुरातही असतील. पण आता सुधारण्याजोगे लेखन हाती आले आहे.

वर्णनाचा नमुना म्हणून एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकातील लुसिओ रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पदेरावरचा, म्हणजे पाववाल्यावरचा, छोटा लेख अवश्य वाचावा. पदेराच्या काठीचा आवाज आणि भल्या सकाळी पावासाठी धावणारी मुले त्यात आहेत. तो वाचून मुलांनी आपल्या वाड्यावर येणाऱ्या पदेराचे, मासळी विकणाऱ्या बाईचे किंवा पणजीच्या बाजारातल्या एखाद्या विक्रेतीचे वर्णन लिहावे.

पत्रलेखन हा केवळ मसुद्याचा भाग आहे का?

परीक्षेत मसुद्याला गुण असतात, त्यामुळे पत्ता, दिनांक, विषय आणि मायना यांचा सराव हवाच. त्याला दोन तास पुरेत. उरलेला वेळ पत्र कोणाला आणि कशासाठी लिहायचे यावर घालवावा. पावसापूर्वी गटार उपसण्याविषयी सरपंचांना लिहायचे असेल तर गटार कुठे आहे, कधीपासून तुंबले आहे आणि कोणाला त्रास होतो हे सांगावेच लागते. पत्र खरोखर पाठवता आले तर फारच चांगले.

अनौपचारिक पत्रासाठी गोव्याच्याच इतिहासात एक नमुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट 1579 मध्ये गोव्यात पोहोचले आणि त्यांनी आपल्या वडिलांना प्रवासाचे वर्णन करणारे इंग्रजी पत्र लिहिले. त्यात वारे, समुद्र आणि उडणारे मासे यांची माहिती आहे. वडिलांनी कधीच न पाहिलेले जग त्यांना दाखवायचे असल्यामुळे ते पत्र आजही जिवंत वाटते. पुढे याच स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे 1616 मध्ये छापले गेले. परक्या भाषेत लिहिताना दबून जाणाऱ्या मुलांना ही हकिकत जरूर सांगावी.

चाळीस वह्या दर आठवड्याला कशा तपासाव्यात?

एका वहीला पाच मिनिटे धरली तर चाळीस वह्यांना 200 मिनिटे, म्हणजे सव्वातीन तासांहून अधिक वेळ लागतो. दोन-तीन वर्ग असलेल्या शिक्षकाला हे शक्य नाही. म्हणून दर आठवड्याला दहाच वह्या बारकाईने तपासाव्यात आणि बाकीच्या फक्त वाचून एक प्रश्न लिहून परत द्याव्यात. चार आठवड्यांत सगळा वर्ग पूर्ण होतो. बारकाईने तपासतानाही सर्व चुकांवर लाल शाई फिरवू नये. त्या घटकात ज्या एका-दोन गोष्टी शिकवल्या असतील त्याच खुणावाव्यात. लाल खुणांनी भरलेले पान पाहून मूल पुढच्या वेळी कमी लिहिते. पालकांना चुका सुटल्यासारखे वाटू शकते, त्यामुळे ही पद्धत पालक सभेत आधीच समजावून सांगावी.

व्याकरण वेगळे शिकवावे का?

थोडे शिकवावे, पण मुलांच्या वह्यांतूनच विषय निवडावा. मराठी-कोकणी बोलणाऱ्या मुलांच्या काही चुका ठरलेल्या असतात. आपल्या भाषांत उपपदे नसल्यामुळे ती गळतात किंवा नको तिथे येतात. ‘तो चित्रपट मी कालच पाहिला आहे’ हे मराठीत सहज चालते, म्हणून इंग्रजीतही कालच्या घटनेला पूर्ण वर्तमानकाळ लावला जातो. ‘तो म्हणाला की मी येतो’ अशी रचना सवयीची असल्यामुळे अप्रत्यक्ष कथनात सर्वनामे चुकतात. चुकीचे मूळ आपल्या भाषेच्या सवयीत आहे हे मुलांना दाखवून दिले की ती लवकर सुधारतात.

उत्तरे लिहून दिली नाहीत तर दहावीचा निकाल घसरणार नाही का?

ही भीती खरी आहे आणि मुख्याध्यापकांवरही निकालाचा दबाव असतो. तरीही फळ्यावरून उत्तरे उतरवून घेण्याची सवय हेच मुलांना लिहिता न येण्याचे मोठे कारण आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. न वाचलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न, पत्र आणि निबंध यांची उत्तरे कोणी आधी लिहून देऊ शकत नाही, आणि पाठ केलेल्या उत्तरात प्रश्न थोडा फिरवला तरी मूल अडखळते. मधला मार्ग असा की एका प्रश्नाची दोन उत्तरे, एक बरे आणि एक चांगले, वर्गात ठेवावीत आणि चांगले का चांगले हे मुलांनी सांगावे. दुसरा प्रश्न सर्वांनी मिळून फळ्यावर सोडवावा, तिसरा प्रत्येकाने एकट्याने. ज्या मुलांना अजिबात जमत नाही त्यांना वाक्यांची सुरुवात पुरवावी. हा बदल आठवीत सुरू करावा. दहावीच्या वर्षी अचानक केला तर मुले घाबरतात.

वर्षाचे नियोजन कसे करावे?

2025 पासून गोव्यात माध्यमिक वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहेत. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वीचे ते दिवस नवा धडा रेटण्याऐवजी वर सांगितलेल्या पाहणीला आणि निरीक्षणाच्या नोंदींना द्यावेत. पावसाळ्यातले सलग आठवडे कवितेला आणि वर्णनाला, चतुर्थीनंतरचे दिवस कथेला, दिवाळीनंतरचे नाट्यप्रवेश आणि वादविवादाला, अशी मांडणी सोयीची पडते. नाताळानंतर नवीन काही घेऊ नये.

अवांतर वाचनासाठी पुस्तके कुठून आणावीत?

पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा 1832 पासूनची आहे आणि तिथे बालविभाग आहे. वर्षातून एकदा वर्गाची सहल तिकडे न्यावी. तालुका ग्रंथालयांतही इंग्रजी पुस्तके मिळतात. निवड करताना मुलाच्या इयत्तेपेक्षा खालच्या पातळीचे पुस्तक देण्यात कमीपणा मानू नये. नववीच्या मुलाने सोपी पुस्तके आवडीने पूर्ण वाचली तर ती एका न संपलेल्या कठीण कादंबरीपेक्षा कितीतरी अधिक देऊन जातात.

मुले मोबाइलवरून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून आणतात. काय करावे?

कच्चे लेखन नेहमी वर्गातच, हाताने करून घ्यावे आणि ते कागद शिक्षकाने जपून ठेवावेत. घरी फक्त पुनर्लेखन द्यावे. घरून आलेल्या मजकुरात कच्च्या कागदावरचे काहीच उरले नसेल तर रागावण्याऐवजी मुलाला जवळ बोलावून त्यातल्या एका वाक्याविषयी विचारावे: हे तू कुठे पाहिलेस, त्या वेळी सोबत कोण होते? उत्तर देता आले नाही तर ते वाक्य खोडून, जे सांगता येते ते त्याने तिथेच बसून लिहावे.